गळ्यातून गेलेलं वाक्य

चार महिने शेडमध्ये माझ्यासमोर कुणी ओठ हलवले नाहीत. तेवीस बायका, आणि तेवीसच्या तेवीस मला चुगलखोर म्हणायच्या. तोंडावर नाही म्हणायच्या, मी समोर आले की सरळ पाठ करायच्या. सव्वीस वर्षं त्याच शेडमध्ये काढलेल्या बाईला पाठी बघत पाळी काढायला लागली. माझा स्वभाव मुळात तापट, त्यात हे. एकदा तर मी रागाने डबा भिंतीवर आपटला, तरी एकीनेही वळून बघितलं नाही.

आता खरं सांगते. ते वाक्य माझ्याकडूनच गेलं. आणि मी ते बोलले नव्हते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या दोन्ही एकदम खऱ्या कशा असू शकतात हे कळेपर्यंत माझ्या हातातून दोन माणसं गेली.

मी वैजयंता आवटी, इचलकरंजीत माग चालवते. आमच्या शेडमध्ये छत्तीस माग आहेत. पूर्वी मागावर बाप्ये असायचे आणि बायका धाग्याच्या कांड्या भरायच्या. आता बाप्ये दुसरीकडे गेले आणि माग आमच्याकडे आले. छत्तीस माग एकदम चालू झाले की कानाशी येऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून आम्ही ओठांवरून बोलतो. आवाज काढायचा नाही, शब्द तोडून, ओठ जरा मोठे करून बोलायचं. समोरची बघते आणि तिला कळतं. नव्या पोरीला हे जमायला सहा महिने लागतात. मला उल्काने शिकवलं, उल्का चौगुलेने. तिचा माग माझ्या समोरच्या रांगेत. माझा नवरा सोडून गेला तेव्हा माझी ऋतुजा चौथीत होती. माझी दुपारची पाळी असली की ती उल्काच्या घरी जेवायची, तिथेच अभ्यास करायची, तिथेच झोपायची. तिला ती उल्कामावशी म्हणायची.

आणि एक सांगू, तो मागांचा आवाज म्हणजे आमची मोकळीक होती. मालक दोन हातांवर उभे असताना मी उल्काला म्हणायचे, "बघ बाई, ह्याच्या शर्टाचं बटण आज जीव देणार." ती मागावर वाकून हसायची. सासू, नवरा, निवडणुकीला हात जोडत आलेला उमेदवार, देव, कुणालाही काहीही बोला. घरात जे बोलता यायचं नाही ते आम्ही शेडमध्ये बोललो. नियम एकच होता, मागाच्या आवाजात बोललेलं गेटबाहेर न्यायचं नाही. कुठे लिहिलेला नव्हता, पण तो मोडलेला मी कधी पाहिला नव्हता.

ऋतुजा शिकली, इंजिनिअर झाली, पुण्याच्या एका कंपनीत लागली. दोन वर्षांपूर्वी गणपतीला घरी आली ती एक डबा घेऊनच. डब्यात पट्टा होता. दोन बोटं रुंद, मऊ रबराचा, आतल्या अंगाला सोळा चकचकीत ठिपके. कंपनीने त्याचं नाव ठेवलं होतं 'स्वरसखी'. आम्ही शेवटपर्यंत पट्टाच म्हणालो.

"आई, माणूस बोलायचं ठरवतो ना, तेव्हा मेंदू आधी घशाला आणि जिभेला निरोप धाडतो," ती मला सांगायला लागली. "तो निरोप विजेचा असतो. तू आवाज काढला नाहीस तरी निरोप निघालेलाच असतो. अगदी मनातल्या मनात पोथी वाचलीस तरी घशाच्या स्नायूपर्यंत थोडीशी वीज पोचते. स्नायू हलत नाही, पण वीज मोजता येते."

"किती असती अशी?"

"घड्याळात सेल घालतेस ना, त्याच्या लाखाव्या हिश्शाएवढी. हे ठिपके ती पकडतात. प्रत्येक शब्दाची वीज वेगळी. यंत्राला भरपूर ऐकवलं की ते शब्द ओळखायला शिकतं, आणि समोरच्या बाईच्या कानात तो शब्द आवाजात ऐकवतं. तुम्हाला शेडमध्ये एकमेकींकडे बघायचीसुद्धा गरज नाही."

यंत्राला शिकवायला तिला माणूस पाहिजे होता. आठ दिवस ती मला समोर बसवून वाक्यं म्हणायला लावायची. एक वाक्य आधी मोठ्याने, मग नुसतं ओठांनी, मग ओठ मिटून मनात. "आज आमटी खारट झाली." "पाचव्या मागाचा धागा तुटला." अशी चार हजार वाक्यं. दुसऱ्याच दिवशी ती स्क्रीनकडे बघून खुर्चीतून उठली.

"आई, आमच्या ऑफिसातल्या माणसांच्या घशातून जे येतं ते नुसतं कुजबुजल्यासारखं. तुझ्या घशातून येतंय ते ढोल वाजवल्यासारखं."

इतकी वर्षं बिनआवाजाचं बोलून माझा घसा तसा तयार झाला होता. ती म्हणाली, सगळं यंत्र आता माझ्याच घशावर उभं करायचं, बाकीच्यांचं त्यावर जुळवून घेता येईल. मला तर काय, आभाळ ठेंगणं झालं. सातवी शिकलेल्या बाईचा गळा पुण्याच्या कंपनीच्या कामाला आला.

तरी मी विचारलं होतं. तेवढी अक्कल मला होती. "ऋतू, मनातलं पण घेतंय व्हय गं हे?"

"नाही. मध्ये चाळण ठेवलीय. जे बोलायचं म्हणून बोलतेस त्याची वीज जाड असते, ते पलीकडे जातं. मनात म्हटलेलं बारीक असतं, ते चाळणीत अडकतं आणि तिथल्या तिथे पुसलं जातं."

"शपथ घे."

तिने हसत माझ्या गळ्याला हात लावला. "गळ्याशप्पथ."

या वर्षाच्या सुरुवातीला पट्टे शेडमध्ये आले आणि, खोटं कशाला बोलू, आम्हाला आवडले. त्या टोकाच्या मागावरची बाई इथे कानात बोलायला लागली. धागा संपला, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला बोलवा, चहा आला, सगळं जागेवरून. एकटी उल्का अडून बसली. पट्टा घालायची सक्ती नाही असा कायदा होता. तिने नकार लिहून दिला.

"वैजा, असलं काय तरी कुत्र्याला घालत्यात," ती मला म्हणाली. "माझं बोलणं माझ्या तोंडापुरतं बरं हाय."

"लेकीनं केलंय माझ्या."

"म्हणून तुझ्या गळ्यात शोभतंय. माझ्या नको."

मला राग आला होता. दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. माझ्या पोरीच्या कर्तबगारीवर ती जळते, असंही मनात आलं, पण ते मी गिळलं. सव्वीस वर्षांची मैत्री म्हटली की अशा पुष्कळ गोष्टी गिळाव्या लागतात.

पूनमचा हात मागात सापडला तो जूनमध्ये. पूनम एकवीस वर्षांची, लग्न होऊन आलेली, वर्षभरापासून मागावर. मागाच्या तोंडाशी एक लाल किरण असतो, त्याला आम्ही डोळा म्हणतो. हात आत गेला, किरण तुटला, की माग जागच्या जागी थांबतो. पण धूळ, कापसाचा तंतू काहीही आडवं आलं तरी तो थांबतोच, आणि माग थांबला की कापड कमी निघतं. म्हणून मालकांच्या सांगण्यावरून जॉबरने बऱ्याच मागांच्या डोळ्यांवर काळी चिकटपट्टी मारून ते फसवून ठेवले होते. आम्हाला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. पूनमच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, आणि तिला दवाखान्यात नेईपर्यंत चिकटपट्टी निघाली होती. मालकांनी अहवालात लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा.

पण त्या दिवसांत उल्काच्या सुनेचे दिवस भरत आले होते, म्हणून ती रोज फोन कमरेला खोचून आत घेऊन यायची. आत फोन आणायला बंदी. पूनम किंचाळली तेव्हा उल्का सगळ्यात आधी तिच्या मागापाशी पोचली आणि चिकटपट्टी जागेवर असताना तिने फोटो काढला. कुणाला दाखवला नाही, कुणाला पाठवलाही नाही. पाठवला की तो सांजेपर्यंत गावभर होणार, आणि मालक सावध होणार.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी, माग चालू असताना, तिने मला समोरून खूण केली. मी बघितलं. ती ओठांनी बोलली, "सोमवारी सरकारी साहेब चौकशीला येणार. चिकटपट्टी लावलेल्या डोळ्याचा फोटो माझ्याकडं हाय. साहेबाला दाखवणार. तू कुणाला बोलू नको."

मी मान हलवली. तोंड उघडलं नाही. एक अक्षर काढलं नाही.

शुक्रवारी सकाळी मालकांनी तिला कचेरीत बोलावलं. दार उघडं होतं, आम्ही चौघी-पाचजणी बाहेर चहाला उभ्या होतो. मालक तिला म्हणाले, "चिकटपट्टी लावलेल्या डोळ्याचा फोटो साहेबाला दाखवणार होता ना?" तिचंच वाक्य, तिच्याच शब्दांत. मग रखवालदाराने तिच्या कमरेचा फोन काढून घेतला. नियम मोडून फोन आत आणला, सुरक्षेला धोका, आजपासून कामावर यायचं नाही. आठ दिवसांनी फोन परत दिला तेव्हा तो कोरा करकरीत होता.

गेटवर मी तिला गाठलं.

"तुझ्याशिवाय कुणाला न्हाई बोलले, वैजा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने.

"उल्का, मी तोंडातनं एक शब्द काढला न्हाई. माझ्या लेकीची आण."

"मग काय भिंतीनं सांगितलं?" ती पुढे झाली, आणि परत वळून म्हणाली, "पोरीच्या नोकरीसाठी केलंस. मला बोलली असतीस तर मी फोटो जाळला असता गं. तुझ्यासाठी जाळला असता."

सोमवारी साहेब आले तेव्हा छत्तीसच्या छत्तीस मागांचे डोळे लखलखत होते. पूनमच्या कागदावर निष्काळजी हा शब्द कायम झाला. तिच्या वकीलबाईंनी वरच्या साहेबांकडे अर्ज केला, त्याची तारीख ऑक्टोबरात लागली. आणि शेडने माझ्याकडे पाठ केली.

मी रडत बसणारी बाई नाही. आधी संतापले, मग विचाराला लागले. ते वाक्य जगात दोनच ठिकाणी होतं, उल्काच्या ओठांवर आणि माझ्या डोक्यात. उल्काच्या गळ्यात पट्टा नव्हता. माझ्या होता. म्हणून मी एक दिवस मागावर उभी राहिले, ओठ घट्ट मिटले, आणि मनातल्या मनात, अगदी सावकाश म्हटलं, 'मी आज डब्यातून दुसरा फोन आणलाय.' तेवढंच. मग गप माग बघत राहिले.

दहा मिनिटं झाली नाहीत तोवर रखवालदार आला. दगडूमामा, माझ्या वडिलांच्या ओळखीचा माणूस. खालमानेने म्हणाला, "वैजाक्का, डबा बघायला सांगितलाय." मी उघडून दाखवला. दोन भाकरी, अंबाडीची भाजी, एक कांदा. त्याने भाकरी उचलून खाली पण बघितलं.

म्हणजे मनातलं जात होतं. तरी एक कोडं राहिलंच. डब्याचं वाक्य मी मनात म्हटलं होतं. उल्काचं मी कधी म्हटलं? घरी येऊन टीव्ही लावला, आवाज बंद केला, बातम्या देणाऱ्या बाईचे ओठ बघायला लागले आणि दोन बोटं गळ्यावर टेकवली. घसा हलत होता. ती एक शब्द म्हणायची, तोच शब्द माझ्या घशात आत, खोल, बारीक उमटायचा. पहिल्या महिन्यात उल्काने शिकवलं होतं मला, समोरचीचे ओठ नुसते बघू नकोस, ती म्हणते तसं आपल्या घशात म्हणून बघ, मग कळतं. सव्वीस वर्षांत ते इतकं अंगात मुरलं की मी तसं करते हेच मी विसरून गेले होते. ओठ वाचणारी प्रत्येक बाई हेच करते. उल्काने माझ्याकडे बघून वाक्य म्हटलं, माझ्या घशाने ते परत म्हटलं, आणि माझ्या गळ्यातल्या पट्ट्याने ते नेऊन मालकांच्या पुढ्यात ठेवलं.

म्हणजे चुगली मीच केली होती. हे कळल्यावर मी जेवले नाही. पण चाळण होती ना? माझ्या पोरीने गळ्याला हात लावून सांगितलेली चाळण कुठे गेली?

ऋतुजाला फोन केला, म्हटलं रविवारी ये. ती दुपारी आली. हातपाय धुऊन पाटावर बसली, ताट मागितलं. मी वाढलं नाही.

"चाळण काढली कुणी?" मी विचारलं.

तिला समजायला वेळ लागला नाही, ह्यानेच मला जास्त लागलं. कोणती चाळण, असं तिने विचारायला पाहिजे होतं.

"काढली नाही, आई. सैल केली. ती सैल-घट्ट करता येते, यंत्रातला एक आकडा असतो. शेडच्या मालकांना आधीच खबर पाहिजे असते. संप, चोरी, मारामारी, बोलायच्या आधी कळलं तर टळतं. कंपनी ती वेगळी सेवा म्हणून विकते."

"तुला कधीपासून ठाऊक?"

"दुसऱ्या महिन्यापासून."

"आणि मला सांगितलं न्हाईस."

"सांगितलं असतं तर तू पट्टा काढला असतास. तू काढला असतास तर सगळ्यांनी काढला असता. माझं यंत्र तिथेच संपलं असतं." मग तिने तोंड फिरवलं. "आणि तुझ्यावर चाळण घट्ट केली तरी उपयोग नाही. यंत्र तुझ्याच घशावर शिकलंय. तुझं मनातलंसुद्धा त्याला इतकं स्वच्छ ऐकू येतं की चाळणीला ते बोललेलंच वाटतं."

मी गॅस बंद केला. "उल्काचं वाक्य मालकांकडं यंत्रानं पाठवलं?"

ती पाटाच्या कडेवर नख ओढायला लागली.

"ऋतू, मी विचारतेय."

"यंत्राची खात्री नसेल, जसं घसा एकीचा आणि बोलायची तऱ्हा दुसरीची, तर ते वाक्य माणसाकडे जातं. असा नियम आहे. माणूस ते वाचतो, बरोबर की चूक ते सांगतो. बरोबर म्हटलं तरच पुढे जातं." मग म्हणाली, "तुमच्या शेडची वाक्यं माझ्याकडे येतात."

"तू वाचलंस ते?"

"हो."

"ते उल्काचं बोलणं हाय हे कळलं तुला?"

"कळलं. 'तू कुणाला बोलू नको' असं तुला तीच म्हणणार. तू फोटो काढणार नाहीस, तुला भीती वाटते." "मला वाटलं तिला समज देऊन सोडतील. मी चूक म्हटलं असतं आणि नंतर तो फोटो निघाला असता, तर मी मुद्दाम दाबलं हे कळलं असतं. आई, माझ्याही वाक्यांवर कुणीतरी बसलेलं असतं."

"तिच्या घरात वाढलीस गं तू."

"माहीत आहे."

"तिनं तुझ्या पहिल्या पाळीला गूळखोबरं आणलं होतं. मी शेडमध्ये होते. तिनं आणलं."

तेव्हा ती उसळली. माझीच लेक, माझ्यासारखीच तापट. "आणि तू? तू माझ्याबद्दल काय बोलतेस मनात? सात महिने मी ते वाचतेय. 'बापावर गेलीय. घेती आणि विसरती.' रोज, आई. रात्री फोन झाला की दुसऱ्या दिवशी मागावर. माझ्यासमोर पोरी पोरी करतेस आणि आत हे."

मला कुणीतरी भर बाजारात उघडं केल्यासारखं झालं. हो, येत होतं मनात. रात्री तिने फोन घाईने ठेवला की दुसऱ्या दिवशी मागावर ते यायचं. आणि दुसऱ्या क्षणी मी ते गिळायचे, कारण ते खरं नाही हे मला माहीत होतं, कारण ती माझी आहे.

"ते मी तुला बोलले व्हते का कधी?" मी म्हटलं. "गिळलं होतं ना? मग ते माझं होतं. तुला द्यायचं की न्हाई ते मी ठरवणार होते. तू माझ्या घशात हात घालून काढलंस."

मी तिला एकच मागितलं. त्या गुरुवारची नोंद दे, पूनमच्या वकीलबाईंना दाखवते. ती म्हणाली, दिली तर नोकरी जाईल, वर खटला होईल. न जेवता गेली. जिन्यात तिची चप्पल वाजली तेवढा वेळ वाटलं, परत येईल. आली नाही.

ऑक्टोबरात तारखेला कामगार कचेरीत गेले. एक लांब टेबल. मधोमध ते वरचे साहेब, शिरगुप्पे, शेजारी टाइप करणारा कारकून. एका बाजूला पूनम, हात पदराखाली, तिच्या वकीलबाई आणि उल्का. दुसऱ्या बाजूला मालक, त्यांचे वकील, आणि कंपनीच्या वतीने यंत्राची माहिती द्यायला आलेली ऋतुजा. मला बघून तिने कागद चाळायला घेतले. उल्काने माझ्याकडे बघितलंच नाही.

न बोललेलं वाक्य माझ्या गळ्यातून कसं गेलं ते मी पूनमच्या वकीलबाईंना लिहून दिलं होतं, तो जबाब त्यांनी पुढे ठेवला. मालकांचे वकील हसले. "साहेब, फोटो कधी नव्हताच. आणि न बोललेलं हे यंत्र घेत नाही. तज्ज्ञ इथेच आहेत."

ऋतुजा उभी राहिली. "यंत्र फक्त बोलण्याच्या हेतूने बोललेलं नोंदवतं," ती म्हणाली. पाठ केल्यासारखं.

त्यांनी खात्रीसाठी आमच्याच शेडमधली एक बाई आणली होती. तिच्या गळ्यात पट्टा बांधला, साहेबांसमोर स्क्रीन ठेवला, तिला मनात दहापर्यंत आकडे म्हणायला लावले. स्क्रीन कोरा. म्हणजे तारखेच्या आधी चाळण घट्ट केली होती, मला कळलं. वकिलांनी हात जोडले.

मी उठले. "साहेब, माझ्या गळ्यात बांधा."

"हरकत आहे," ऋतुजा लगेच म्हणाली. "त्यांचा नमुना धरता येणार नाही."

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "का?"

का, ते सांगितलं तर सगळंच सांगावं लागणार. "त्यांचा गळा सर्वसाधारण नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

"त्या माझ्या आई आहेत."

"मग बांधाच," साहेब म्हणाले.

पट्टा तिनेच बांधला. तिची बोटं गार होती. कानाशी वाकून पुटपुटली, "आई, नको. मी संपेन." मी ऐकलं. माझी लेक होती ती, आणि मी मान ताठ ठेवली. पूनमचा हात पदराखाली होता, मला दुसरं काही करता आलं नसतं.

साहेबांनी रीत ठरवली. उल्काने एक वाक्य चिठ्ठीवर लिहून, घडी घालून त्यांच्याकडे द्यायचं. मग माझ्यासमोर उभं राहून, आवाज न काढता, ते ओठांनी म्हणायचं. मी ओठ मिटून नुसतं बघायचं. स्क्रीनवर तेच आलं, तर ते कंपनीकडून त्या गुरुवारची नोंद मागवणार होते आणि पूनमची चौकशी नव्याने उघडणार होते.

उल्काने चिठ्ठी लिहिली. खूप वेळ लावला. मग उठून माझ्यासमोर आली, हाताच्या अंतरावर. चार महिन्यांनी मी तिचं तोंड समोरून बघत होते. ती वाळली होती. तिने माझ्या डोळ्यांत बघितलं आणि ओठ हलवले, शेडमध्ये हलवायची तसे, शब्द तोडून, सावकाश, मला नीट कळावं म्हणून.

मला कळलं. दुसऱ्या वाक्याला कळलं ती काय म्हणतेय ते. मला ते माझ्या घशात म्हणायचं नव्हतं, देवाशपथ नव्हतं. पण घसा म्हणत गेला, एक शब्द सुटला नाही.

साहेबांनी स्क्रीन स्वतःकडे वळवला, चिठ्ठी उघडून शेजारी ठेवली आणि कारकुनासाठी मोठ्याने वाचलं, "वैजा, हे यंत्रात उमटलं तर तू दोषी न्हाईस. तरी तुझ्यासमोर मी परत कधी बोलणार न्हाई."

"हेच म्हणालात का बाई तुम्ही?" त्यांनी उल्काला विचारलं.

"हेच," ती म्हणाली, साहेबांकडे बघून.

"शब्दशः जुळतंय. नोंद घ्या," साहेब कारकुनाला म्हणाले. पूनमच्या वकीलबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मालकांचे वकील उठून काही बोलायला लागले, साहेबांनी त्यांना बसवलं. ऋतुजा कागद पिशवीत भरत होती. उल्का जागेवर जाऊन बसली.

कारकुनाने ते वाक्य टाइप केलं, कागद काढला आणि खाली साक्षीदार म्हणून सही करायला माझ्याकडे सरकवला. मी वाचून बघितलं. सगळं बरोबर होतं. सही केली.